गर्भारपण, पहिली दोन वर्षे आणि पुढचे आयुष्य : डेव्हिड बार्कर यांच्या संशोधनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे संशोधन नेमके कशाविषयी आहे?

हृदयविकार, उच्च रक्तदाब आणि प्रौढ वयातला मधुमेह यांची कारणे आपण सहसा चाळिशी-पन्नाशीतल्या राहणीमानात शोधतो. खाणेपिणे, तंबाखू, बैठे काम ही कारणे खरी आहेतच, यात वाद नाही. परंतु सारख्याच राहणीच्या दोन माणसांपैकी एकालाच आजार का जडतो, याचे पूर्ण उत्तर त्यांतून मिळत नाही. ब्रिटिश डॉक्टर आणि साथरोगतज्ज्ञ डेव्हिड बार्कर (1938–2013) यांनी हे उत्तर आयुष्याच्या अगदी सुरुवातीला, म्हणजे आईच्या पोटात आणि जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत शोधले. गर्भाला पोषण अपुरे पडले, तर त्याचे वाढते शरीर त्या टंचाईशी जुळवून घेते आणि हे जुळवून घेताना अवयवांच्या घडणीत झालेले काही बदल जन्मभर टिकतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. सुरुवातीला ते ‘बार्कर गृहीतक’ म्हणून ओळखले गेले. आज त्यातून आरोग्याची आणि आजारांची विकासकालीन मुळे शोधणारी संशोधनाची एक मोठी शाखा उभी राहिली आहे.

बार्कर यांना हा प्रश्न सुचला कसा?

नकाशांवरून. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे काम करत असताना बार्कर आणि त्यांचे संख्याशास्त्रज्ञ सहकारी क्लाइव्ह ऑसमंड यांनी इंग्लंड आणि वेल्समधील 212 भागांची आकडेवारी तपासली. 1921 ते 1925 या काळात ज्या भागांत तान्ह्या बाळांचे मृत्यू जास्त होते, त्याच भागांत 1968 ते 1978 या काळात हृदयविकाराचे मृत्यूही जास्त होते. हा निष्कर्ष 1986 मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो त्या काळच्या समजुतीच्या विरुद्ध जाणारा होता. हृदयविकार हा सुबत्तेचा आजार मानला जात असे. मग तो गरीब भागांत, आणि तेही ज्यांच्या बालपणी बाळे दगावत होती अशा पिढीत, अधिक का असावा? बार्कर यांनी असा तर्क केला, की ज्या परिस्थितीत दुबळी बाळे मरत होती, त्याच परिस्थितीतून जी वाचली त्यांच्या शरीरावर तिची खूण राहिली असावी.

अर्थात, भागांच्या सरासरीवरून एखाद्या माणसाविषयी काही सिद्ध होत नाही. त्यासाठी अशी माणसे हवी होती, ज्यांचे जन्माच्या वेळचे वजन कोणीतरी लिहून ठेवले आहे आणि ज्यांचे पुढे काय झाले हेही शोधता येते.

हर्टफर्डशरच्या नोंदवह्यांना एवढे महत्त्व का दिले जाते?

कारण त्या नसत्या, तर हे गृहीतक तर्काच्या पुढे गेलेच नसते.

विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धासाठी भरती करताना ब्रिटनमधील तरुणांची प्रकृती किती खालावलेली आहे हे उघड झाले आणि बालकांच्या आरोग्याकडे सरकारचे लक्ष वळले. हर्टफर्डशर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड या अधिकारी बाईंनी 1911 पासून सुईणी आणि आरोग्यसेविका यांची एक चोख व्यवस्था बसवली. बाळ जन्मले की सुईण त्याचे वजन करी. पुढे वर्षभर आरोग्यसेविका घरी जाऊन बाळाची पाहणी करी आणि वर्ष पूर्ण झाले की पुन्हा वजन होई. हे सारे मोठ्या नोंदवह्यांमध्ये हाताने लिहिले जाई. एका बाळासाठी एक आडवी ओळ, त्या ओळीत जन्मवजन पौंडांत, बाळ अंगावर पीत होते की बाटलीवर होते याची नोंद, वर्षाअखेरचे वजन, दात किती आले, आणि शेवटी आरोग्यसेविकेचा एखाद-दुसऱ्या शब्दाचा शेरा. या ओळी लिहिणाऱ्या स्त्रियांना त्या वेळी फक्त समोरचे बाळ जगवायचे होते. त्याच ओळींवर पुढे एक विज्ञान उभे राहील याची कल्पना त्यांना असणे शक्य नव्हते. मला या सगळ्या कथेत सर्वाधिक आदर त्यांच्याविषयी वाटतो.

बार्कर आणि सहकाऱ्यांनी या नोंदींतून 1911 ते 1930 दरम्यान जन्मलेल्या 5,654 पुरुषांचा माग काढला. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता : राष्ट्रीय सरासरी 100 धरली, तर एक वर्षाचे असताना ज्यांचे वजन 18 पौंड (सुमारे 8.2 किलो) किंवा त्याहून कमी होते त्यांच्यात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण 111 होते, आणि 27 पौंड (सुमारे 12.2 किलो) किंवा त्याहून अधिक वजन असलेल्यांमध्ये ते 42 होते. या दोन टोकांच्या मधल्या गटांतही वजन वाढेल तसे हे प्रमाण एकंदरीत उतरत गेलेले दिसते. पुढे याच परगण्यातील पुरुषांच्या तपासणीत, वयाच्या 64व्या वर्षी रक्तातील साखर नियंत्रणात न राहण्याचे प्रमाणही लहानपणी कमी वजन असलेल्यांमध्ये अधिक आढळले.

वजनालाच एवढे महत्त्व का? कमी वजन म्हणजे किती?

जन्माच्या वेळी 2,500 ग्रॅमपेक्षा कमी वजन असेल तर ते कमी जन्मवजन, ही जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. परंतु बार्कर यांच्या निष्कर्षांत अशी एखादी रेषा नाही, जिच्या एका बाजूला धोका आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही. सर्वसाधारण समजल्या जाणाऱ्या वजनांमध्येही उतरंड दिसते.

वजन हे मुळात कारण नव्हे, ती एक खूण आहे. जुन्या काळी तराजूखेरीज दुसरे साधन हाताशी नव्हते, म्हणून वजनाच्या नोंदी सापडतात. दोन बाळांचे वजन सारखे असूनही एकाची वाढ गर्भात खुंटलेली असू शकते आणि दुसरे मुळातच लहान चणीचे असू शकते. दिवस भरण्याआधी जन्मलेले बाळ आणि दिवस भरूनही कमी वजनाचे राहिलेले बाळ यांतही फरक करावा लागतो.

गर्भातील उणीव पन्नास वर्षांनी कशी उमटू शकते?

शरीरातील बऱ्याच अवयवांना घडण्याचा एक ठरावीक काळ असतो आणि तो उलटला की ती संधी परत येत नाही. मूत्रपिंडाचे उदाहरण सर्वांत स्वच्छ आहे. रक्त गाळण्याचे काम करणारे नेफ्रॉन नावाचे सूक्ष्म घटक गर्भावस्थेच्या साधारण 36व्या आठवड्यापर्यंतच तयार होतात. त्यानंतर मूत्रपिंड आकाराने वाढते, पण नवा नेफ्रॉन तयार होत नाही. जन्माच्या वेळी जी संख्या असते तीच आयुष्यभराची शिदोरी. ही संख्या कमी असेल तर प्रत्येक नेफ्रॉनवर कामाचा बोजा वाढतो आणि त्यातून रक्तदाब वाढू शकतो, अशी मांडणी अमेरिकी मूत्रपिंडतज्ज्ञ बॅरी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये केली. 2003 मध्ये जर्मनीत अपघातात मृत्यू पावलेल्या व्यक्तींच्या मूत्रपिंडांतील नेफ्रॉन मोजले गेले. उच्च रक्तदाब असलेल्या दहा जणांमध्ये दर मूत्रपिंडामागे मध्यक (म्हणजे क्रमाने मांडल्यास मधोमध येणारी) संख्या सुमारे 7 लाख होती, तर त्याच वयाच्या, रक्तदाब नसलेल्या दहा जणांमध्ये ती सुमारे 14 लाख होती. नमुना लहान आहे हे खरे, पण फरक दुपटीचा आहे.

दुसरी वाट चयापचयाची आहे. केंब्रिजचे निकोलस हेल्स आणि बार्कर यांनी 1992 मध्ये असे मांडले, की पोषण अपुरे असताना गर्भ मेंदूला प्राधान्य देतो आणि स्वादुपिंड, स्नायू, यकृत यांच्या वाट्याला कमी येते. असे काटकसरीने घडलेले शरीर टंचाईत तग धरते. पुढे त्याच शरीराला भरपूर अन्न आणि कमी श्रम असे आयुष्य लाभले, की इन्शुलिनची यंत्रणा अपुरी पडू लागते. धोका फक्त उणिवेत नाही, तर गर्भाने ज्या जगाची तयारी केली आणि प्रत्यक्षात जे जग मिळाले त्या दोहोंमधील तफावतीत आहे, हा या मांडणीचा गाभा आहे. सर्वांत जास्त गैरसमजही तिथेच होतात, असा माझा अनुभव आहे.

तिसरी वाट जनुकांच्या वापराची. जनुकांची अक्षरे तीच राहतात, मात्र कोणते जनुक किती काम करील हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणा बदलतात. या खुणांच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात.

बार्कर यांच्या आधी हे कोणालाच सुचले नव्हते का?

सुचले होते. नॉर्वेतील आंदेर्श फोर्सडाल यांनी 1977 मध्येच बालपणीची हलाखी आणि पुढचा हृदयविकार यांचा संबंध दाखवला होता. गर्भावस्थेवर बोट ठेवून तो विचार वर्षानुवर्षे तडीस नेणे हे बार्कर यांचे योगदान आहे.

डच उपासमारीचा दाखला नेहमी दिला जातो, तो कशासाठी?

माणसांवर उपासमारीचा प्रयोग करता येत नाही आणि करूही नये. पण दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यात, 1944–45 मध्ये, नाझींच्या नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये तो प्रसंग लाखो लोकांवर आला. प्रौढांचा दैनंदिन शिधा काही महिने 400 ते 800 कॅलरींवर उतरला होता. या उपासमारीला सुरुवात आणि शेवट ठळक होते, त्याआधी आणि नंतर आहार बऱ्यापैकी होता, आणि ॲमस्टरडॅममधील प्रसूतींच्या तपशीलवार नोंदी टिकून राहिल्या. त्यामुळे गर्भावस्थेच्या कोणत्या टप्प्यावर उपासमार झाली, हे पुढे वेगळे काढता आले.

गर्भारपणाच्या मधल्या किंवा शेवटच्या महिन्यांत उपासमार झाली त्यांची बाळे कमी वजनाची जन्मली आणि प्रौढपणी त्यांच्यात साखरेचे नियंत्रण बिघडलेले आढळले. पहिल्या तीन महिन्यांत उपासमार झाली, पण नंतर अन्न मिळाले, त्यांच्या बाळांचे वजन जवळजवळ सर्वसाधारण होते, आणि तरीही या गटात पुढे हृदयविकार अधिक दिसला. तराजू जे सांगू शकत नाही ते इथे दिसते : बाळ गुटगुटीत जन्मले म्हणजे सुरुवातीच्या आठवड्यांत सारे ठीक होते, असे म्हणता येत नाही. 2008 मध्ये संशोधकांनी या व्यक्तींची त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी तुलना केली. गर्भधारणेच्या सुमारास उपासमार झालेल्यांमध्ये वाढीशी निगडित असलेल्या आयजीएफ-2 या जनुकावरील रासायनिक खुणा सहा दशकांनंतरही वेगळ्या होत्या.

रशियातील लेनिनग्राड शहरातही दुसऱ्या महायुद्धात उपासमार झाली होती. तिथे असेच आढळले का?

नाही, आणि म्हणूनच तो अभ्यास महत्त्वाचा आहे. लेनिनग्राडच्या 1941–44 मधील वेढ्यात गर्भावस्था घालवलेल्यांची 1990च्या दशकात तपासणी झाली, तेव्हा साखरेच्या नियंत्रणात इतरांहून फरक दिसला नाही. याचे एक पटण्याजोगे स्पष्टीकरण असे, की तिथे वेढ्याच्या आधी आणि नंतरही अन्नाची चणचणच होती. टंचाईसाठी घडलेल्या शरीराला टंचाईचेच जग मिळाले, तफावत निर्माण झाली नाही. हे स्पष्टीकरण बरोबर असेलच असे नाही, पण वर सांगितलेल्या मांडणीशी ते जुळते.

मग कमी वजनाच्या बाळाचे वजन भराभर वाढवावे की नाही?

हा प्रश्न आई-वडील फार काळजीने विचारतात, म्हणून सावकाश उत्तर देतो. हेलसिंकी येथे 1934 ते 1944 दरम्यान जन्मलेल्या हजारो मुलांच्या वाढीच्या नोंदी पुढील आजारपणाशी ताडून पाहिल्या गेल्या. ज्यांना पुढे हृदयविकार झाला, ती मुले सरासरीने जन्मतः लहान होती, दोन वर्षांची होईपर्यंत बारीकच राहिली आणि त्यानंतर उंचीच्या मानाने त्यांचे वजन झपाट्याने वाढले. म्हणजे पहिल्या दोन वर्षांतील चांगली वाढ आणि त्यानंतरची चरबीची वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या वर्षातील कमी वजन हे हर्टफर्डशरमध्येही धोक्याचेच लक्षण होते.

पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर स्तनपान चालू ठेवून पूरक आहार, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. कमी वजनाच्या बाळाची वाढ डॉक्टरांकडून वाढीच्या तक्त्यावर नियमित तपासून घ्यावी. पुढे शाळेच्या वयात मूल लवकर जाड होऊ लागले, तर ‘अंग धरतेय’ म्हणून दुर्लक्ष करू नये. मात्र बाळ बारीक आहे म्हणून किंवा मूल जाड होईल या भीतीने, स्वतःच्या मनाने आहारात फेरफार करू नयेत.

पुण्यातील संशोधनाचा याच्याशी काय संबंध?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि साउदॅम्प्टनच्या कॅरोलाइन फॉल यांच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या गावांतील गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा सुरू केला. तेथील बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे 2.7 किलो होते आणि साउदॅम्प्टनमधील बाळांचे सुमारे 3.5 किलो. पण नुसत्या वजनावर न थांबता त्यांनी कातडीखालच्या चरबीची जाडीही मोजली. पुण्याची बाळे स्नायू आणि पोटातील अवयवांच्या बाबतीत बरीच लहान होती, पण पाठीवरची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला हडकुळे, पण आतून चरबीचे प्रमाण जास्त, असे हे बाळ आहे. भारतीयांना तुलनेने कमी वयात आणि कमी वजनात मधुमेह का होतो, या प्रश्नाचा एक धागा येथे मिळतो.

याच अभ्यासात, गरोदरपणी ज्यांच्या रक्तात फोलेटची (फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांतून मिळणाऱ्या जीवनसत्त्वाची) पातळी जास्त आणि ब-12 जीवनसत्त्वाची पातळी कमी होती, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनचा प्रभाव सर्वांत कमी पडत असल्याचे आढळले. कॅलरी पुरेशा आहेत म्हणजे पोषण पुरेसे आहे, ही समजूत यामुळे मोडीत निघते.

जास्त वजनाचे बाळ म्हणजे निरोगी बाळ असे समजावे का?

नाही. आईला मधुमेह असेल तर तिच्या रक्तातील जादा साखर वारेतून बाळापर्यंत पोहोचते, बाळाचे इन्शुलिन वाढते आणि बाळ आकाराने मोठे होते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील पिमा या मूळ रहिवासी समाजात भावंडांची तुलना केली गेली. आईला मधुमेह झाल्यानंतर जन्मलेल्या भावंडांमध्ये, मधुमेह होण्याआधी जन्मलेल्यांपेक्षा, या आजाराचे प्रमाण अधिक होते. भावंडांच्या तुलनेमुळे केवळ अनुवंश हे उत्तर पुरे पडत नाही.

या संशोधनावर टीका झाली नाही का?

भरपूर झाली, आणि तिच्यातील बरीच टीका योग्य आहे. पहिला आक्षेप गरिबीचा. गरीब घरात बाळ लहान जन्मते आणि त्याच घरात पुढचे आयुष्यही हलाखीचे जाते, मग दोष जन्मवजनाचा कसा? पुढील अभ्यासांनी सामाजिक परिस्थितीचा हिशोब धरला, तरी संबंध बराचसा टिकून राहिला, परंतु असा हिशोब कधीच पूर्ण नसतो. दुसरा आक्षेप संख्याशास्त्राचा. जन्मवजन आणि रक्तदाब यांच्यावरील अभ्यास 2002 मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा अभ्यास जितका मोठा तितका हा संबंध क्षीण, असे दिसले. म्हणजे छोट्या अभ्यासांतील ठळक निकालच अधिक प्रसिद्ध झाले असावेत.

तिसरा आक्षेप अनुवंशाचा आहे आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. इन्शुलिन हे गर्भाच्या वाढीचेही संप्रेरक आहे. ज्या जनुकांमुळे इन्शुलिन कमी पडते, त्यांच्यामुळे बाळ लहानही जन्मू शकते आणि पुढे त्यालाच मधुमेहही होऊ शकतो. असे असेल तिथे पोषणाला जबाबदार धरता येणार नाही. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांनी या संबंधातील काही वाटा अनुवंशाचा असल्याचे दाखवले आहे. दुसरीकडे, उंदरांना गर्भारपणी प्रथिने कमी दिली तर पिलांचा रक्तदाब वाढतो हे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा दिसले आहे, आणि तिथे अनुवंशाचा मुद्दा येत नाही. दोन्ही कारणे एकाच वेळी काम करतात, असे मानणे आज सयुक्तिक आहे.

म्हणजे मुलाच्या आजाराचा दोष आईकडे जातो का?

नाही. या संशोधनाचा असा अर्थ काढला जातो तेव्हा मन विषण्ण होते. गर्भाला जे मिळते ते आईच्या त्या नऊ महिन्यांतल्या ताटावरून थेट येत नाही. ते तिच्या शरीरातील साठ्यातून, तिच्या वारेच्या क्षमतेतून येते, आणि ते शरीर तिच्या स्वतःच्या बालपणी, किंबहुना तिच्या आईच्या पोटात घडलेले असते. मुलगी जन्मते तेव्हाच तिची सारी बीजांडे तिच्या अंडाशयांत असतात. मुलीला लहानपणी ताटात कमी वाढले गेले, तिचे लग्न कोवळ्या वयात झाले, गरोदरपणातही तिला जड काम करावे लागले, तर त्यातील कोणता निर्णय तिचा एकटीचा होता? बार्कर स्वतः मुली आणि तरुण स्त्रिया यांच्या पोषणावर भर देत राहिले.

गर्भारपणात पूरक आहार दिला तर पुढचे आजार टळतात, हे सिद्ध झाले आहे का?

अंशतः. ग्वाटेमालातील खेड्यांत 1969 ते 1977 दरम्यान काही गावांना प्रथिनयुक्त पेय आणि काहींना साधे पेय देण्यात आले. प्रथिनयुक्त पेय गर्भावस्थेपासून दुसऱ्या वर्षापर्यंत मिळालेल्यांमध्ये प्रौढपणी मधुमेह कमी आढळला, पण लठ्ठपणा जास्त आढळला. मुंबईच्या वस्त्यांमधील एका प्रयोगात गर्भधारणेच्या आधीपासून स्त्रियांना हिरव्या भाज्या, फळे आणि दूध यांपासून केलेला खाऊ रोज दिला गेला. त्यांच्यात गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाण कमी राहिले, बाळांच्या सरासरी वजनात मात्र एकूण गटात ठळक फरक पडला नाही.

आज गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रीने यातून काय घ्यावे?

तयारी दिवस राहण्याच्या आधी सुरू करावी, हे सर्वांत महत्त्वाचे. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते, म्हणजे अनेकींना दिवस गेल्याचे कळण्यापूर्वीच. म्हणून रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड गर्भधारणेच्या आधीपासून घेण्याची शिफारस केली जाते. ज्यांच्या आधीच्या बाळात या नळीचा दोष होता त्यांना याहून मोठी मात्रा लागते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असते. शाकाहारी स्त्रियांनी ब-12 तपासून घेणे शहाणपणाचे आहे. रक्तक्षय, रक्तदाब, थायरॉइड आणि साखर यांची तपासणी वेळेवर व्हावी. तंबाखू कोणत्याही स्वरूपात नको, कारण तिच्यामुळे बाळाचे वजन घटते हे निर्विवाद आहे, आणि घरातील इतरांचा धूरही तितकाच नको.

मी कमी वजनाचा जन्मलो होतो. आता काय करावे?

कमी जन्मवजन म्हणजे भाकीत नव्हे. समूहाच्या सरासरीत दिसणारा फरक एका व्यक्तीच्या बाबतीत लहान असतो, आणि त्यापुढे तंबाखू, वजन आणि व्यायाम यांचा परिणाम बराच मोठा ठरतो. पोटाचा घेर वाढू न देणे हे तुमच्यासाठी इतरांपेक्षा थोडे अधिक मोलाचे आहे. रक्तदाब आणि साखर यांची तपासणी लवकर सुरू करा आणि डॉक्टरांना कौटुंबिक इतिहास सांगताना आपले जन्मवजनही सांगा. तो प्रश्न ते सहसा विचारत नाहीत.

जन्मवजनाची नोंदच नसेल तर?

तरी वरील सल्ल्यात काही फरक पडत नाही. पण घरात नव्याने जन्मलेले बाळ असेल, तर त्याचे जन्मवजन, त्या वेळी किती आठवडे भरले होते आणि पहिल्या वाढदिवसाचे वजन एवढे तीन आकडे तारखेसह लिहून ठेवा, आणि लसीकरणाच्या कार्डासोबत जपून ठेवा.